स्वसंरक्षण आणि युद्धकला : प्रत्यक्ष उपयुक्ततेच्या निकषाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाविद्यालयांतून विद्यार्थिनींसाठी स्वसंरक्षण शिबिरे भरविण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. शिबिराचे नियोजन करताना प्राध्यापकांच्या समितीपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कराटे शिकवावे, ज्युदो शिकवावा, तायक्वांदो शिकवावे, की लाठीकाठी? व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर जवळपास कोणता प्रशिक्षक उपलब्ध आहे यावरून ठरते. पाच-सात दिवसांचा सराव होतो, शेवटच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांसमोर कौले फोडण्याची प्रात्यक्षिके होतात आणि प्रमाणपत्रांचे वाटप होते. शिकलेला पवित्रा प्रत्यक्ष प्रसंगी उपयोगी पडेल काय, हा मूळ प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. प्रश्न गंभीर आहे, कारण कौशल्याशिवाय आलेला आत्मविश्वास हा त्याच्या अभावापेक्षा अधिक घातक ठरू शकतो.

हा प्रश्न आधुनिक काळात निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या कारणांनी विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे शोधण्याचे प्रयत्नही झाले आहेत. या प्रयत्नांचा इतिहास पाहिल्यास ‘कोणती युद्धकला श्रेष्ठ?’ हा प्रश्नच अपुरा असल्याचे दिसून येते. स्वसंरक्षणातील उपयुक्तता ही एखाद्या कलेच्या अंगभूत डावपेचांत नसून ती कला कशी शिकविली जाते, कोणत्या प्रसंगासाठी शिकविली जाते आणि शिकणाऱ्याचे उद्दिष्ट काय असते यांवर अवलंबून असते, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) स्वसंरक्षणातील उपयुक्ततेचा निकष १८८२ पासून कसा घडत गेला, याचा आढावा घेणे. २) महाराष्ट्रातील तालीम व मर्दानी खेळ यांच्या परंपरांचा त्या निकषावर विचार करणे. ३) महाविद्यालयीन स्वसंरक्षण शिक्षणासाठी त्यातून निघणारे निष्कर्ष मांडणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. सर्व युद्धकलांचा परामर्श घेणे हा येथे हेतू नाही. ज्या ठिकाणी कलेची गाठ प्रत्यक्ष हिंसेशी पडली आणि त्या अनुभवातून शिक्षणपद्धती बदलली, अशी निवडक उदाहरणे विचारात घेतली आहेत.

१. कोदोकान : प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबरचा सराव

१८६८ च्या मेइजी परिवर्तनानंतर जपानमधील सामुराई वर्गाचे विशेषाधिकार संपुष्टात आले. १८७६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यासही बंदी झाली. जुन्या ज्युजुत्सू घराण्यांना उतरती कळा लागली. अशा काळात जिगोरो कानो (१८६०–१९३८) या तरुणाने तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन घराण्यांची विद्या आत्मसात करून १८८२ मध्ये टोकियोतील एइशोजी मंदिराच्या आवारात कोदोकान या संस्थेची स्थापना केली. तिथे घडविलेल्या विद्येला त्याने ‘ज्युदो’ हे नाव दिले.

कानोचे खरे योगदान नव्या डावांत नव्हते, तर सरावाच्या पद्धतीत होते. जुन्या घराण्यांत डोळे फोडणे, सांधे निखळविणे, मर्मस्थानी आघात करणे असे अनेक प्राणघातक प्रकार होते. परंतु ते प्राणघातक असल्यामुळेच त्यांचा पुरा सराव जोडीदारावर करता येत नसे. शिष्य ते ठरावीक क्रमाने घटवीत आणि जोडीदार ठरल्याप्रमाणे पडत असे. कानोने असे धोकादायक प्रकार ‘काता’ या ठरीव सरावापुरते मर्यादित ठेवले. फेकणे, दाबून ठेवणे, गुदमरविणे यांसारखे, जोडीदार पूर्ण ताकदीने प्रतिकार करीत असतानाही करता येण्याजोगे डाव त्याने ‘रांदोरी’ या मुक्त सरावासाठी निवडले. १८८० च्या दशकात टोकियोच्या महानगर पोलिसांनी भरविलेल्या सामन्यांत कोदोकानच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या मल्लांवर प्रभाव पाडला आणि पोलीस प्रशिक्षणात ज्युदोला स्थान मिळाले.

वरकरणी विसंगत वाटणारा एक सिद्धांत येथे पुढे येतो. ज्या विद्येतून घातक डाव वगळले, तीच प्रत्यक्ष झटापटीत वरचढ ठरली. प्रतिकाराशी रोज झुंजणाऱ्या शरीराला तोल, अंतर आणि क्षण यांची जी जाण येते, ती घातक डाव नुसते घोकणाऱ्याला येत नाही. स्वसंरक्षणाच्या इतिहासातील हा पहिला व आजही अबाधित राहिलेला निकष होय.

२. लंडन : मताधिकारवादी स्त्रिया आणि ज्युजुत्सू

ही जपानी विद्या लवकरच इंग्लंडमध्ये पोहोचली. १८९९ च्या सुमारास एडवर्ड बार्टन-राइट याने लंडनमध्ये ज्युजुत्सू, मुष्टियुद्ध आणि हातातील छडीचे डाव यांचा मेळ घालून ‘बार्टित्सू’ नावाची पद्धत प्रचारात आणली आणि जपानहून शिक्षक बोलाविले. त्या शिक्षकांच्या परंपरेत एडिथ गॅरड (१८७२–१९७१) तयार झाली. पाच फुटांहूनही कमी उंचीच्या या स्त्रीने १९०९ पासून मताधिकारवादी स्त्रियांना ज्युजुत्सू शिकविण्यास प्रारंभ केला.

१८ नोव्हेंबर १९१० रोजी संसदेकडे निघालेल्या सुमारे तीनशे स्त्रियांना पोलीस आणि बघ्यांच्या जमावाने अनेक तास मारहाण केली. अनेकींना लैंगिक अत्याचारही सोसावे लागले. ‘ब्लॅक फ्रायडे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दिवसानंतर स्वसंरक्षण हा चळवळीच्या अस्तित्वाचाच प्रश्न बनला. उपोषणामुळे खालावलेल्या कैद्यांना तात्पुरते सोडून प्रकृती सुधारताच पुन्हा पकडण्याची तरतूद करणारा कायदा १९१३ मध्ये झाला. तेव्हा एमेलिन पँकहर्स्ट यांना पुनःपुन्हा होणाऱ्या अटकेपासून वाचविण्यासाठी सुमारे पंचवीस-तीस स्त्रियांचे संरक्षक पथक उभे राहिले. गॅरड त्यांना गुप्तपणे शिकवीत असे. या स्त्रिया पोशाखाखाली लाकडी मुद्गल लपवून नेत. युरोपात ‘इंडियन क्लब’ म्हणून लोकप्रिय झालेले हे साधन मूळचे भारतीय आखाड्यातील मुद्गलच होय. इंग्रजांनी ते येथूनच एकोणिसाव्या शतकात उचलले होते.

या पथकाच्या दोन प्रसंगांची तुलना बोधप्रद आहे. फेब्रुवारी १९१४ मध्ये लंडनच्या कॅम्प्डन हिल स्क्वेअर येथे पँकहर्स्ट यांनी सज्जातून भाषण केले. त्यानंतर बुरखा घेतलेली त्यांच्यासारखी दुसरीच स्त्री संरक्षकांच्या गराड्यात बाहेर पडली. झटापट होऊन पोलिसांनी तिला पकडले आणि खऱ्या पँकहर्स्ट निसटल्या. याउलट ९ मार्च १९१४ रोजी ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूज सभागृहात व्यासपीठाच्या कडेला फुलांच्या आड काटेरी तार लावलेली होती, मुद्गल तयार होते आणि पथकही सज्ज होते. पोलिसांशी समोरासमोर तुंबळ झुंज झाली, स्त्रियांनी ती शर्थीने दिली, तरीही संख्येने अधिक असलेल्या पोलिसांनी पँकहर्स्ट यांना अटक केलीच.

तेच पथक, तेच शिक्षण आणि अवघ्या काही आठवड्यांचे अंतर असूनही परिणाम उलटे झाले. कॅम्प्डन हिल स्क्वेअरमध्ये झटापट ही निसटण्याच्या योजनेचा भाग होती. ग्लासगोत झटापट हेच उद्दिष्ट होऊन बसले. स्वसंरक्षणाचे यश प्रतिपक्षाला नमविण्यात नसून सुरक्षितपणे बाहेर पडण्यात असते, हा दुसरा निकष या तुलनेतून स्पष्ट होतो.

३. शांघाय : थोडके आणि सोपे

लंडनमध्ये नागरिकांपुढे जो प्रश्न होता, तोच पूर्वेकडील एका बंदरात पोलिसांपुढे उभा राहिला. विल्यम फेअरबेर्न (१८८५–१९६०) हा इंग्रज १९०७ मध्ये शांघाय महानगर पोलीस दलात दाखल झाला. टोळ्या, सुरे आणि पिस्तुले यांनी ग्रासलेल्या या शहरात सेवेच्या आरंभीच त्याला जबर मारहाण झाली. त्यानंतर त्याने जपानी शिक्षकाकडे ज्युजुत्सूचे शिक्षण घेतले, चिनी पद्धतींचाही अभ्यास केला आणि पुढे कोदोकानचा काळा पट्टाही मिळविला.

इतके शिकूनही त्याने सहकाऱ्यांना या कला जशाच्या तशा शिकविल्या नाहीत. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिफेंडू’ या पुस्तकात त्याने मोजके प्रकार निवडले. हाताच्या कडेचा आघात, तळहाताने हनुवटीखाली धक्का, गुडघ्याचा प्रहार, पकडीतून सुटण्याच्या काही रीती, एवढ्यांवरच त्याचा भर होता. यामागील कारण शरीरशास्त्रीय होते. तीव्र भीतीच्या क्षणी हृदयाचे ठोके वाढतात, बोटांचे सूक्ष्म कौशल्य हरपते, दृष्टीचा आवाका आकुंचित होतो. अशा अवस्थेत पाच टप्प्यांचा सुबक डाव आठवत नाही. एखादी ठळक, सबंध शरीराची हालचाल तेवढी होऊ शकते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडो आणि नंतर अमेरिकी हेर यांना फेअरबेर्नने याच पद्धतीने शिकविले. १९४२ मध्ये त्याने खास स्त्रियांसाठीही एक लहान पुस्तक लिहिले. मात्र एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पोलिसाला आरोपी पकडायचा असतो आणि सैनिकाला शत्रू मारायचा असतो. सामान्य नागरिकाचे काम यांपैकी एकही नाही. म्हणून सैनिकी पद्धतीतून साधेपणा घ्यावा, परंतु तिचे उद्दिष्ट जसेच्या तसे घेऊ नये.

४. ब्रातिस्लाव्हा : क्रीडापटूची रस्त्यावरील परीक्षा

इमी लिख्टनफेल्ड (१९१०–१९९८) हा तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रातिस्लाव्हा शहरात वाढलेला ज्यू तरुण होता. पोलीस अधिकारी असलेले वडीलच त्याचे कुस्तीचे शिक्षक होते. कुस्ती आणि मुष्टियुद्ध या दोन्ही खेळांत त्याने स्पर्धा गाजविल्या होत्या. १९३० च्या दशकात फॅसिस्ट टोळ्यांनी ज्यू वस्तीवर हल्ले चढविण्यास सुरुवात केली, तेव्हा तो तरुणांना घेऊन प्रतिकारास उभा राहिला.

येथे त्याच्या ध्यानात आले की, खेळातील सवयी रस्त्यावर दगा देतात. मुष्टियोद्ध्याला हातमोज्यांची आणि पंचाची सवय असते. मल्ल प्रतिस्पर्ध्याला घेऊन जमिनीवर जातो, तेव्हा बाजूने दुसरा लाथ मारणार नाही असे त्याने गृहीत धरलेले असते. रस्त्यावर हल्लेखोर अनेक असतात, हातात दांडके किंवा सुरी असते आणि झुंज थांबविणारी शिट्टी नसते. १९४० मध्ये मायदेश सोडून तो पुढे पॅलेस्टाइनमध्ये पोहोचला. तेथे ज्यू सशस्त्र दलांना आणि १९४८ नंतर इस्रायली सैन्याला शिक्षण देताना त्याने घडविलेली पद्धत ‘क्राव मागा’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९६४ मध्ये सैनिकी सेवेतून निवृत्त झाल्यावर त्याने ती नागरिकांच्या गरजेनुसार बदलली.

तथापि क्रीडेचे मूल्य यामुळे शून्य ठरत नाही. लिख्टनफेल्डला रस्त्यावर टिकता आले, ते मल्ल आणि मुष्टियोद्धा म्हणून कमावलेल्या शरीरामुळे आणि मार सोसण्याच्या सवयीमुळेच. खेळाने पाया दिला, परिस्थितीने दुरुस्ती केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. आज क्राव मागाच्या नावाने चालणाऱ्या ज्या वर्गांत पाया वगळून केवळ सुरी हिसकावण्याची प्रात्यक्षिके होतात, त्यांना हे नाव असूनही हा निकष लागू पडत नाही.

५. महाराष्ट्रातील परंपरा : तालीम आणि मर्दानी खेळ

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करताना दोन परंपरा वेगळ्या काढाव्या लागतात. पहिली तालमीची. लाल मातीच्या हौद्यात मल्ल रोज जोडीदाराशी लढत करतो. वस्तादाच्या देखरेखीखाली डाव आणि त्याची तोड दोन्ही प्रतिकारासह घोटले जातात. कानोने ज्याला रांदोरी म्हटले, तो सराव तालमीत मुळातच होता. त्यामुळे शाहू महाराजांच्या आश्रयाने बहरलेली कोल्हापूरची कुस्ती ही केवळ मैदानी करमणूक नव्हती. पकड, तोल आणि दम यांचे ते पक्के शिक्षण होते. मात्र स्त्रियांना हौदा दीर्घकाळ बंद राहिला, ही या परंपरेची मोठी उणीव होय.

दुसरी परंपरा शस्त्रांची. दांडपट्टा, विटा, बोथाटी, लाठी हे मर्दानी खेळ एकेकाळी रणविद्येचे अंग होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तलवारी, भाले यांसारखी शस्त्रे परवान्याखाली आणली. शस्त्रे व्यवहारातून जसजशी मागे पडली, तसतसा पट्टा मिरवणुकीत आणि जत्रेत प्रात्यक्षिकापुरता उरला. विसाव्या शतकात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थांनी हे खेळ शारीरिक शिक्षणाच्या चौकटीत आणून टिकविले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. परंतु सांस्कृतिक वारसा म्हणून असलेले मूल्य आणि स्वसंरक्षणाचे साधन म्हणून असलेली उपयुक्तता यांत गल्लत होऊ नये. पट्टा चपळता देतो, लाठी अंतराची जाण देते. परंतु बसमध्ये, जिन्यात किंवा घरात होणाऱ्या हल्ल्यात हाती लाठी असण्याचा संभव थोडा असतो.

परकीय विद्येचा स्वीकारही भारतात लवकर झाला. रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी हे ज्युदो शिक्षक शांतिनिकेतनात आले. तेथे मुलींनाही हे शिक्षण देण्यात आले. शिक्षणसंस्थेने स्त्रियांच्या स्वसंरक्षणाची जबाबदारी आपली मानल्याचे हे आधुनिक भारतातील एक आरंभीचे उदाहरण होय.

६. १९९३ नंतरची कसोटी आणि तिच्या मर्यादा

कोदोकानमध्ये शिकलेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलमध्ये पोहोचला आणि त्याच्या शिकवणुकीतून ग्रेसी कुटुंबाची ज्युजुत्सू परंपरा उभी राहिली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे निरनिराळ्या कलांच्या आठ खेळाडूंचा जवळजवळ निर्बंधमुक्त सामना झाला. त्यात रॉइस ग्रेसी विजयी झाला. केवळ ठोसे-लाथांच्या कलांत पारंगत असलेले खेळाडू पकडीत सापडताच हतबल होतात, हे जगाने पाहिले. कानोचा निकष एका शतकानंतर पुन्हा सिद्ध झाला. तरीही हा सामना एकास एक, निःशस्त्र आणि पूर्वसूचनेने झालेला होता. त्यावरून जमिनीवरील कुस्ती हाच रस्त्यावरील उपाय, असा अर्थ काढणे लिख्टनफेल्डचा धडा विसरण्यासारखे होईल.

७. हल्लेखोर कोण, हा प्रश्न

वरील सर्व पद्धतींत हल्लेखोर अनोळखी मानलेला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार भारतात नोंदविल्या जाणाऱ्या बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. अंधाऱ्या रस्त्यावरील अनोळखी माणसासाठी शिकविलेला पवित्रा नातेवाईक, शेजारी किंवा सहकारी यांच्यासमोर उचललाच जात नाही. येथे अडथळा स्नायूंचा नसून भीड, संकोच आणि अविश्वास यांचा असतो.

या जाणिवेतून १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्त्रियांसाठी नव्या पद्धती उदयास आल्या. कॅलिफोर्नियातील ‘मॉडेल मगिंग’ या पद्धतीत संरक्षक कवच घातलेला प्रशिक्षक खराखुरा हल्ला करतो आणि शिकणारी स्त्री त्याच्यावर पूर्ण ताकदीने प्रहार करते. कॅनडातील ‘वेन-डो’ पद्धतीत शारीरिक प्रकारांबरोबर ठाम नकार आणि मोठा आवाज यांनाही स्थान मिळाले.

या दिशेने झालेले महत्त्वाचे संशोधन शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांचे आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांतील ८९३ विद्यार्थिनींवर केलेला हा यादृच्छिक प्रयोग २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा तासांचे प्रशिक्षण, तर दुसऱ्याला माहितीपत्रके देण्यात आली. एका वर्षात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण प्रशिक्षित गटात ५.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ९.८ टक्के आढळले. बलात्काराच्या प्रयत्नांचे प्रमाण अनुक्रमे ३.४ आणि ९.३ टक्के होते. या बारा तासांत शारीरिक प्रतिकाराचा भाग थोडा होता. उरलेला वेळ ओळखीच्या व्यक्तीकडून असलेला धोका वेळीच ओळखणे, तो मनाशी मान्य करणे आणि निःसंकोच विरोध करणे यांसाठी होता. परदेशी विद्यापीठांतील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही बारा तासांत मोजता येण्याजोगा परिणाम साधता येतो, ही बाब पाच-सात दिवसांची शिबिरे भरविणाऱ्यांनी दुर्लक्षू नये.

८. कायद्याची चौकट

स्वसंरक्षणाची मर्यादा अखेरीस कायदा ठरवितो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला खासगी संरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आलेला आहे. संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, हे त्याचे सूत्र होय. बलात्काराच्या वा आम्लहल्ल्याच्या उद्देशाने झालेल्या हल्ल्यात मात्र हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. संकटात सापडलेल्या व्यक्तीकडून प्रतिकाराची काटेकोर मोजदाद अपेक्षिता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात घेतली आहे. धोका टळल्यावरही प्रहार करीत राहणे हे मात्र संरक्षण ठरत नाही. निसटणे हा ग्लासगोच्या अनुभवातून आलेला निकष कायद्याच्या दृष्टीनेही सुरक्षित ठरतो.

निष्कर्ष

१) सराव प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर होत असेल, तर कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध किंवा संपर्काचे कराटे यांपैकी कोणतीही कला उपयुक्त पाया देते. तसा सराव नसेल, तर नाव कोणतेही असले तरी ती कवायतच राहते.

२) अल्पकालीन शिबिरात डावांची संख्या वाढविण्यापेक्षा चार-पाच ठळक हालचाली दडपणाखाली वारंवार करवून घेणे श्रेयस्कर होय.

३) प्रशिक्षणाचे उद्दिष्ट हल्लेखोराचा पराभव हे नसून सुटका आणि मदत मिळविणे हे असावे.

४) ओळखीच्या व्यक्तीकडून होणारा हल्ला आणि त्यास नकार देण्याचा सराव यांना निम्म्याहून अधिक वेळ द्यावा. खासगी संरक्षणाच्या हक्काची माहिती हा शिबिराचा अनिवार्य भाग असावा.

५) मर्दानी खेळांचे जतन सांस्कृतिक वारसा म्हणून स्वतंत्रपणे व्हावे. त्यांच्यावर स्वसंरक्षणाचे ओझे लादू नये.

समारोप

कोदोकानपासून कॅनडातील विद्यापीठांपर्यंतचा हा प्रवास निरनिराळ्या देशांत घडला असला, तरी त्याचा निष्कर्ष एकमुखी आहे. हल्ल्याच्या क्षणी सरावाने अंगवळणी पडलेले तेवढेच हाती येते. महाविद्यालयाच्या समितीने ‘कोणती कला?’ असे विचारण्याआधी ‘कोणत्या प्रसंगासाठी आणि किती खऱ्या सरावाने?’ असे विचारावयास हवे. शेवटच्या दिवशी फुटलेली कौले हे शिबिराच्या यशाचे माप नव्हे. कौल उलटून प्रहार करीत नाही, आणि ते ओळखीचेही नसते.